नखला न घातलेला धूप

आमच्या दुकानातल्या खणांवर नावं लिहिलेली नव्हती. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याची गरज नव्हती, आणि आक्काला व मला ते खण चालता-बोलता पाठ झाले होते. डाव्या हाताला मुळं: वाळा, नागरमोथा, कचोरा, जटामांसी. मधे राळ, गुग्गुळ, ऊद. त्याच्या खाली दवणा, मरवा आणि वाळवलेल्या गुलाबपाकळ्या. उजव्या हाताला साली. त्यांत दालचिनी, तज, दगडफूल आणि अगदी शेवटच्या खणात नखला.

नखला म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी, तपकिरी, शिंगासारखी कडक चकती. एका बाजूला निमुळती, अंगावर बारीक रेघांची वलयं. वेंगुर्ल्याच्या बंदरातून घाट चढून त्याची पोती निपाणीला यायची. आजोबा सांगत की समुद्रकाठी खाऱ्या पाण्यात एक झाड वाढतं आणि त्याच्या सालीचे हे खवले. झाड कुणी पाहिलं नव्हतं. समुद्रही आमच्या घरात कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे झाडाबद्दल शंका यायचं कारण नव्हतं.

कच्चा नखला निखाऱ्यावर टाकला तर केस जळल्यासारखा वास सुटतो. म्हणून तो आधी चिंचेच्या पाण्यात उकळायचा, मग तुपावर परतायचा आणि कुटून धुपात घालायचा. आप्पा म्हणत, "चंदन पळतंय, वाळा पळतोय. नखला त्यास्नी धरून बसवतो." आमचा धूप विझून गेल्यावरही बस्तीच्या गाभाऱ्यात दुपारपर्यंत रेंगाळायचा. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. तिथं सकाळच्या पूजेला धूप आमचा असे. त्यात कस्तुरी नव्हती, कारण ती हरणाची. मध नव्हता, कारण तो मधमाश्यांचा. गुळाच्या पाकात तो वळलेला असे. आप्पांना कसला गर्व असेल तर एवढाच, की आमच्या धुपात जीव नाही.

तो वळायचं काम आक्काचं. आक्का माझी बहीण, माझ्याहून पुष्कळ मोठी. इन्फ्लुएंझाच्या साथीत तिचा नवरा गेला आणि ती परत आमच्या घरी आली. आई आधीच गेली होती, म्हणून मला तिनंच वाढवलं. मला तिचे हात आठवतात ते नेहमी पिवळसर, चंदनाच्या भुकटीनं माखलेले. आप्पांच्या डोळ्यांत हळूहळू मोतीबिंदू उतरत गेला आणि मी मॅट्रिक होईपर्यंत त्यांना नुसता उजेड-अंधार तेवढा कळू लागला. तरी ते गादीवर बसत. गिऱ्हाईक हातावर जिन्नस धरी, आप्पा वाकून हुंगत आणि सांगत, हे औंदाचं, हे गेल्या सालाचं, ह्यात भेसळ आहे.

तंबाखूचे एक व्यापारी चेष्टेनं म्हणायचे, "आप्पा, डोळं गेलं तरी नाक सरकारी हाय तुमचं."

"सरकारी असतं तर कवाच लाच खाल्ली असती," आप्पा म्हणायचे.

मी शिकायला पुण्याला गेलो आणि विज्ञान घेतलं. घरी अडचण एकच होती. प्राणिशास्त्राच्या तासाला बेडूक चिरायला लागतो, हे आप्पांच्या कानावर गेलं होतं. ते मला एवढंच म्हणाले, "सुरी धरायची न्हाय. बाकी काय शिकायचं ते शीक." मी ते प्राध्यापकांना जाऊन सांगितलं. ते हसले नाहीत. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात शंख-शिंपल्यांचं एक कपाट होतं, वर्षानुवर्षं नीट न लावलेलं. बाकीचे बेडूक चिरत तेव्हा मी ते कपाट लावावं, असं त्यांनी ठरवून दिलं. मला फार बरं वाटलं. ही रिकामी घरं होती. त्यांना हात लावल्यानं कुणाला काही होणार नव्हतं.

त्या कपाटासमोरचे दिवस माझ्या शिक्षणातले सगळ्यांत सुखाचे. आमच्या दुकानात वस्तू लावायच्या त्या उपयोगानुसार. इथं पहिल्यांदा कळलं की जीव लावायचे ते नात्यानं. दिसायला दोन शंख अगदी सारखे असतील आणि तरी त्यांची कुलं वेगळी असतील. एक काटेरी असेल, दुसरा गुळगुळीत, आणि तरी ते भाऊभाऊ असतील. कवचावरचे काटे, रंग, आकार हे फसवतात, असं प्राध्यापक सांगत. आतल्या जिवाच्या जिभेवरच्या दातांच्या ओळी बघा. त्याचं झाकण बघा.

काटेरी शंखांचं एक मोठं कुल होतं. त्यांत राहणाऱ्या गोगलगाई सतत वाढत नाहीत. थोडं वाढतात, थांबतात, आणि थांबतात तिथं कवचाच्या काठावर एक जाड, काटेरी कंगोरा बांधतात. मग पुन्हा वाढू लागतात. काहींत प्रत्येक वेढ्याला असे तीन कंगोरे येतात, एकाखाली एक नीट ओळीत. म्हणजे ती कुठं कुठं थांबली होती, ते तिच्या पाठीवर बोट फिरवून सांगता येतं. मी तासन्‌तास ते कंगोरे चाचपत बसे. मला वाटतं आप्पांचीच सवय मला लागली होती.

त्यांतल्या एका शंखाच्या तोंडात कापूस भरलेला होता आणि कापसावर त्याचं झाकण डकवलेलं होतं. ही गोगलगाय अंग आत ओढून घेते तेव्हा सगळ्यांत शेवटी तिच्या पायावरचं हे झाकण येतं आणि दार बंद होतं. जुन्या कपाटांत ते असं कापसावर चिकटवून ठेवतात, म्हणजे कुठल्या शंखाचं कुठलं ते हरवत नाही. त्याचा डिंक सुटला होता. झाकण माझ्या तळहातावर पडलं.

तपकिरी, शिंगासारखं कडक, एका बाजूला निमुळतं, अंगावर वलयं. मी ते नाकाशी नेलं. नेण्याची गरज नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो. आदल्या सुट्टीत मी आप्पांना सांगितलं होतं की दगडफूल हे फूलही नाही आणि सालही नाही, ती शेवाळ आणि बुरशी यांची एकत्र वस्ती आहे. आप्पांनी ते आल्या-गेल्याला हसून सांगितलं होतं. "आमच्या पोरानं दगडफुलाला जातीबाहेर टाकलं." तेवढ्याच आनंदात मी ही दुसरी गोष्ट घेऊन आलो होतो. आप्पा बस्तीला गेले होते. आक्का परसात उखळाशी बसली होती आणि तिच्या शेजारी सुपात परतलेला नखला निवत होता. मी एक चकती उचलली आणि तिला सगळं सांगून टाकलं. झाकण कुठं असतं, कसं मिटतं, त्यावरची वलयं कशी वाढतात.

आक्काचं मुसळ थांबलं.

"गोगलगायीचं?"

"समुद्रातली. मोठी असती."

"मेल्यावर गळून पडत असंल की. सापाची कात पडती तसं."

"पडतं कधी कधी. किनाऱ्यावर एखादं घावतंय."

"मग?"

"आक्का, नखला पोत्यानं येतो."

 आक्कानं खणातली एक कच्ची चकती आणून चुलीतल्या निखाऱ्यावर टाकली. धूर आला. तिनं पदर नाकाला लावला नाही. ती तो वास नीट घेत होती, जणू कुणी सांगितलेलं पडताळून पाहत होती.

"केस जळल्यावानी वास येतो," ती म्हणाली. "लाकूड असा वास देत न्हाय. इतकी वर्सं भाजत आलो आपण."

तिनं सूप उचललं, खणातलं उरलेलं सगळं त्यात ओतलं आणि परसात पेरूच्या झाडाखाली खड्डा करून पुरलं. हात धुतले. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आप्पांना सांगू नगस. त्यांचा जीव ह्याच्यातच हाय."

दुसऱ्या दिवशी तिनं नखला न घालता धूप वळला.

आप्पांना ते कळायला किती वेळ लागणार? बस्तीतून परतले आणि काठी भिंतीला टेकवायच्या आधीच विचारलं, "आज काय घातलं न्हाईस?"

आक्का खोटं बोलत नसे. ती म्हणाली, "नखला."

"सरला व्हय?"

"न्हाय. मी नियम घेतलाय."

आमच्यात नियम घेतला म्हटलं की बोलणं तिथं संपतं. कुणी गूळ सोडतं, कुणी दूध, कुणी वांगं. का सोडलं हे विचारायचं नसतं, कारण तो ज्याचा त्याचा आणि देवाच्या साक्षीनं केलेला असतो. नखला सोडल्याचं आप्पांनी कधी ऐकलं नसणार. त्यांच्या चेहऱ्यावर नवल आलं आणि त्यांनी ते गिळलं.

"बरं," ते म्हणाले. "नियम हाय म्हंजे हाय."

पुढची कितीतरी वर्षं ते त्या धुपाबरोबर राहिले. धूप चांगला होता, पण उभा राहत नव्हता. पेटवल्याबरोबर छान दरवळायचा आणि आरती संपायच्या आत निघून जायचा. बस्तीतल्या कुणाला फरक कळला नाही, किंवा कळला तरी लोकांना वाटलं की आक्काच्या हातांचं वय झालं. आप्पा मात्र पूजा झाल्यावर खांबाशी बसून राहत. सगळे गेले तरी बसत. मी सुट्टीत त्यांना हात धरून न्यायचो. एकदा मी विचारलं, "आप्पा, चला की."

"थांब रं," ते म्हणाले. "अजून हाय का बघतोय."

मी तेव्हा बोललो नाही. आक्काला दिलेला शब्द होता, आणि आप्पा विचारत नव्हते.

पुढे मला बेळगावात कॅम्पातल्या एका शाळेत मास्तरकी लागली. शाळेच्या ग्रंथालयात इंग्रज मिशनऱ्यांनी मागे ठेवलेली सृष्टिज्ञानाची जाड पुस्तकं होती. त्या काटेरी शंखांच्या कुलाबद्दल मिळेल ते मी वाचत गेलो. का वाचत होतो ते माहीत नाही. घरी एका गोष्टीबद्दल बोलायचं नसलं की माणूस ती दुसरीकडे वाचत बसतो. या गोगलगाई शिकारी असतात. कालव आपले शिंपले घट्ट मिटून बसतं, तर ही त्याच्यावर बसते आणि दातेरी जिभेनं शिंपल्याला भोक पाडत राहते, दिवसचे दिवस. अंडी घालायच्या वेळी पुष्कळ माद्या एका जागी जमतात आणि एकीच्या अंड्यांवर दुसरी आपली ठेवते, सगळ्यांचा मिळून एक ढीग होतो. श्वासाच्या पोकळीत पिसासारखा एक लहान अवयव असतो. आत येणारं पाणी त्यावरून जातं आणि कालव कुठल्या बाजूला आहे ते तिला कळतं.

या शेवटच्या गोष्टीवर मी पुस्तक मिटलं होतं. ती कुणाला सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

युद्धाच्या काळात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर धावत. अशाच एका मोटारीतून, वाटेत दोनदा उतरून ढकलत, मी निपाणीला पोचलो, कारण आक्कानं निरोप धाडला होता. आप्पांनी जेवण सोडायला सुरुवात केली होती. हे अचानक नव्हतं. आधी त्यांनी गोड सोडलं होतं, मग तूप, मग धान्य. आता दूध आणि पाणी तेवढं राहिलं होतं, आणि दुधाचाही दिवस ठरला होता. आमच्यात वृद्ध माणसं अशी जातात. शरीर आपल्याला टाकायच्या आत आपणच एकेक टाकत जायचं. घरात रडारड नव्हती. आप्पा आतल्या खोलीत चटईवर पडून असत. उपाध्ये, म्हणजे बस्तीतले पुजारी, सकाळी येऊन अभिषेकाचं, चंदन घातलेलं गंधोदक त्यांच्या कपाळाला लावत आणि थोडं वाचून दाखवत.

मी गेलो त्या दुपारी आप्पांनी आम्हा दोघांना जवळ बसवलं. आवाज बारीक झाला होता, पण बोलणं साफ होतं.

"सगळं सोडून बघितलं," ते म्हणाले. "काय ऱ्हायलंय ते आठवत पडलोय. तू एक सोडलंस, आक्का, ते मी सोडलं न्हाय. तुझा नियम मला दे."

आक्कानं त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"ठाऊक नसताना सोडता येत न्हाय," आप्पा म्हणाले. "तवा विचारलं न्हाय मी. आता सांग."

आक्कानं माझ्याकडं पाहिलं.  मग ती म्हणाली, "तूच सांग. माझ्यानं व्हायचं न्हाय."

मी सांगितलं. परसात तिला सांगितलं होतं तसं नव्हे. हळू, एकेक वाक्य. झाड नाही. साल नाही. जीव आहे, त्याच्या दाराचं झाकण आहे.

आप्पा डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या मिटलेल्या आणि उघड्या डोळ्यांत तसा फरक राहिला नव्हता. त्यांची बोटं चटईच्या काठावर फिरत होती.

"किती इंद्रियांचा?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न येणार हे मला समजायला हवं होतं. लहानपणी पाठशाळेत आम्हाला जिवांची वर्गवारी पाठ करून घेत, ती इंद्रियांवरून. झाडाला एक, स्पर्श. मुंगीला तीन. भुंग्याला चार. आणि दोन इंद्रियांच्या जिवांत, जळूच्या आणि कृमीच्या शेजारी, शंख आणि शिंपला. स्पर्श आणि चव, एवढंच त्याला कळतं. जितकी इंद्रियं कमी तितकं मारणाऱ्याचं ओझं कमी. आप्पा हिशेब करत होते.

"दोन, आप्पा," मी म्हणालो.

"ते पाठशाळेतलं झालं रं. ते मलाबी येतं. तू एवढा शिकलास, तुझ्या बुकात किती?"

आक्कानं माझ्या हाताला हात लावला. कशासाठी, ते आजही मला ठरवता येत नाही. थांब म्हणत होती की सांग म्हणत होती? मी दोनवर थांबू शकलो असतो. पण पलीकडे जो माणूस पडून होता तो शेवटचा हिशेब लावत होता, आणि त्याला चुकीचं माप देणं मला जमेना.

"त्याला दोन कोवळी शिंगं असतात," मी म्हणालो. "त्यांच्या बुडाशी डोळं. नीट दिसत न्हाय. उजेड-अंधार तेवढा कळतो."

"आणि वास?"

"येतो. पाणी हुंगतो त्यो. खाणं कुठं हाय ते वासावरनंच हुडकतो."

"लांबनं?"

"लांबनं."

आप्पांच्या तोंडावर थोडं हसू आलं असं मला वाटलं. "उजेड-अंधार तेवढा," ते पुटपुटले. "आणि नाक."

 बाहेर कुणीतरी बैलगाडी उभी करत होतं, बैलाला हाकारत होतं. मग आप्पांनी, आम्हा दोघांनाही नव्हे, नुसतं छताकडं तोंड करून विचारलं, "एका पोत्यात किती मावत असतील?"

आक्का उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा तिनं तोंड धुतलेलं होतं. तिनं आप्पांचे हात जुळवून धरले, कारण आता ते एकटे उचलत नव्हते, आणि त्यांनी नियम घेतला. त्यांनी नखला सोडला नाही. त्यांनी वास सोडला. मरेपर्यंत खोलीत वासाचं काही आणायचं नाही. उदबत्ती नको, धूप नको, फूल नको. पांघरुणाच्या घडीत आक्का वाळ्याची काडी ठेवायची, तीही काढायला सांगितली.

सकाळी उपाध्ये आले. आप्पांनी गंधोदकाच्या आधी हात आडवा केला.

"चंदन न घातलेलं असंल तर लावा."

उपाध्ये दुखावले. "आप्पा, चंदनानं काय केलं हो?"

"काय न्हाय. माझा नियम हाय."

उपाध्ये परत बस्तीत गेले आणि नुसतं पाणी घेऊन आले.

त्या दिवसांत मी आप्पांजवळ बसे. ते अधूनमधून काही विचारत. वाढायची थांबते तेव्हा काय करते? कंगोरा बांधते, मी सांगे. दुखत असंल का बांधताना? ते लिहिलेलं नाही, आप्पा. अंडी एकीच्या अंड्यांवर दुसरी ठेवते ते कसं? मी सांगे. त्यांना ते फार आवडलं, आणि त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मला जे माहीत होतं ते संपत आलं तसं मी हळू बोलू लागलो. एकदा ते म्हणाले, "शिकलास ते बरं झालं." मी मान फिरवली. त्यांना दिसत नव्हतं, तरी फिरवली.

दूध बंद झालं, मग पाणी. शेवटची सकाळ होती तेव्हा आक्का त्यांच्या उशाशी होती आणि मी पायाशी. ते कधी गेले ते आम्हाला लगेच कळलं नाही, इतका त्यांचा श्वास बारीक झाला होता.

गल्लीतल्या बाया आल्या. त्यांतली एक म्हातारी, आप्पांकडून जन्मभर धूप नेलेली, दारातच म्हणाली, "हे काय गं आक्का? गावाला धूप देनाऱ्याच्या उशाला धूप न्हाय? लाव की."

"त्यांनी सोडलाय," आक्का म्हणाली.

"जित्तेपणी सोडलाय. आता कुठं त्यास्नी कळतंय?"

"आमाला कळतंय की," आक्का म्हणाली.

म्हातारी आत येऊन बायांत बसली. पुरुष आले, दारं सताड उघडी केली, बांबू बांधायला घेतले. चंदनाचं लाकूड घालायचं नाही हे मी बाहेर जाऊन सांगितलं आणि कुणीही कारण विचारलं नाही. मी परत आत आलो. उघड्या दारातून वखारींतल्या तंबाखूचा उग्र वास आत येत होता. सगळी निपाणी ज्या वासात राहते आणि आमच्या घरात जो नेहमी धुपाखाली दबून असे, तो वास मी तिथं पहिल्यांदाच घेतला. आक्काला तो माझ्या आधी लागला असणार. ती आप्पांच्या उशाशी तशीच बसून होती. दार लोटून घेऊ का म्हणून मी विचारलं, तर तिनं मानेनंच नको म्हटलं.